अनुमती आणि इच्छा

कावेरीकाठचे कुंभकोणम हे तंजावर प्रांतातील विद्येचे जुने ठाणे. तंजावरला मराठ्यांचे राज्य १६७६ पासून १८५५ पर्यंत टिकले आणि त्याच्या आश्रयाने अनेक देशस्थ घराणी या मुलखात रुजली. कुंभकोणमच्या अशाच एका घराण्यात १८३१ साली दिवाणबहादूर रघुनाथरावांचा जन्म झाला. इंदूरची दिवाणगिरी भूषविलेल्या या गृहस्थांनी विधवाविवाहास शास्त्राची अनुमती आहे, हे हिरिरीने प्रतिपादिले. १८८७ साली मद्रासला सामाजिक परिषदेचा पाया घातला गेला, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांच्या बरोबरीने तेही पुढे होते.

१८८६ साली मद्रासला स्थायिक होण्यापूर्वी याच गावी काही काळ कृपाबाई सत्यनाथन यांचा संसार होता. हरिपंत व राधाबाई या ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण दांपत्याची ही कन्या १८६२ साली अहमदनगरला जन्मली. १८७८ साली ती मद्रासच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाली; प्रकृतीने साथ न दिल्यामुळे ते शिक्षण अपुरे राहिले. पुढे केंब्रिजला शिकून आलेल्या सॅम्युअल सत्यनाथन यांच्याशी तिचा विवाह झाला. कृपाबाईंनी इंग्रजीत दोन कादंबऱ्या लिहिल्या. ‘सगुणा’ आत्मचरित्रपर आहे. ‘कमला’ ही हिंदू बालवधूची कहाणी १८९४ साली प्रकाशात आली. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, लेखिकेचे निधन झाले.

व्हिक्टोरियाकालीन इंग्रजी कादंबरीत विवाह हे बहुधा कथेचे मुक्कामाचे ठिकाण असते. १८४७ सालच्या ‘जेन एअर’ची नायिका अनेक परीक्षांतून जाऊन स्वतःच्या निवडीने विवाहापर्यंत पोहोचते. हा साचा भारतीय लेखिकेच्या उपयोगी पडणारा नव्हता. कमलाचा विवाह तिला त्याचा अर्थ कळण्यापूर्वीच होऊन जातो. एकान्तात वाढलेली ही मुलगी सासू-नणंदांच्या जाचात सापडते. पती गणेश तिला शिकवू पाहतो, पण लवकरच सई नावाच्या स्त्रीच्या मोहात गुंततो. कमला घर सोडते. तिची लहानगी मुलगी दगावते, पतीही मरण पावतो. एरवी जेथे कादंबरी संपावी, तेथे हिची सुरुवात होते.

या टप्प्यावर जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’मधील डोरोथियाची आठवण अपरिहार्य ठरते. तीही चुकलेल्या विवाहातून वैधव्यात येते. विशिष्ट पुरुषाशी लग्न केल्यास पतीच्या मिळकतीवर पाणी सोडावे लागेल, असा तिच्या पतीच्या मृत्युपत्रातील जोडलेखाचा दंडक आहे. ती मिळकत सोडते आणि विवाह करते. हिंदू विधवेसाठी असाच दंडक खुद्द १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यात होता: पुनर्विवाह करताच मृत पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क संपे. कमलापुढे मात्र तो प्रश्न नाही. रामचंद्र तिला मागणी घालतो, तिच्या मनातही त्याच्याविषयी ओढ आहे; तरीही ती नकार देते आणि हाती आलेले धन विधवा-अनाथांच्या सेवेत लावते.

बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटन’मधील विधवा ख्रिस्ती होऊन पुन्हा विवाह करते. ख्रिस्ती कृपाबाईंना तोच शेवट सहज योजता आला असता. तो त्यांनी टाळला, म्हणून कमलाचा नकार सुधारणेपासून घेतलेली माघार वाटण्याचा संभव आहे. तिच्या नकारात लहानपणापासून मुरलेल्या संस्काराचा धाक आहे, हे लेखिका लपवीत नाही. परंतु त्या धाकाच्या पलीकडे आणखी काही आहे. पित्याने, सासरने, पतीने आजवर तिच्यासाठी ठरविले. प्रेमाने विचारलेला आणि उत्तराची वाट पाहणारा प्रश्न तिच्या आयुष्यात प्रथमच येतो. ज्या उत्तराची सुधारकांना अपेक्षा होती, ते ती देत नाही.

रघुनाथरावांच्या पिढीचे झगडणे अनुमतीसाठी होते आणि ते अत्यावश्यक होते. त्यावाचून कमलाला कोणी विचारलेच नसते. मात्र कायदा आणि शास्त्र दार उघडू शकतात, उंबरा ओलांडण्याची इच्छा निर्माण करू शकत नाहीत. ती इच्छा बालपणीच खुडली गेली असेल, तर पुढे मिळालेले स्वातंत्र्यही स्त्री भीतभीतच वापरते. कृपाबाईंनी कमलाला सुखाचा शेवट दिला नाही. नकार देण्याइतका स्वतःचा आवाज दिला. बालविवाहाचे सर्वांत मोठे नुकसान कोणते, याचे उत्तर त्या आवाजातील कंपात ऐकू येते.