दृष्टि आणि दिरंगाई

गेल्या पावसाळ्यांत मला चाळिशी लागली. ती प्रथम नाकावर चढवून वर्गांत गेलों, तेव्हां पुढच्या बांकावरील मंडळी गालांतल्या गालांत हंसली. मीही हंसलों, परंतु त्या हंसण्याआड एक खंत होती. ती आज या वार्षिकाच्या निमित्तानें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस निवेदन करावी, असें वाटतें.

माझे वडील आतांआतांपर्यंत लोहारा तालुक्यांतील एका खेड्यांत शेती करून राहत असत. रात्रीं जेवणें आटोपल्यावर शास्त्रपाठ मोठ्यानें वाचण्याचा त्यांचा परिपाठ. सत्तरी उलटली तरी तो चुकला नव्हता. सुटींत आम्ही गांवीं जात असूं, तेव्हां त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीस थडकतांना दिसे, डाव्या हाताशीं ठेवलेला पाण्याचा तांब्या वरचेवर कलंडे. आम्ही तें म्हातारपणाचें वेंधळेपण समजलों. ज्यास बारीक अक्षर वाचतां येतें त्याचे डोळे ठीकच असणार, असा निष्कर्ष मीं मोठ्या शहाणपणानें काढला!

पुढें अक्षरही धुरकट दिसूं लागलें. शेजारच्या आजीबाईंनीं निदान केलें, “मोतीबिंदु आहे, पिकूं द्या, मग काढा.” कोणीं मध सुचविला, कोणीं कांद्याचा रस. ते उपाय मीं होऊं दिले नाहींत. परंतु वडिलांस सोलापुरास नेण्याचें लांबवीत गेलों. आधीं सहामाही परीक्षा, मग ज्वारीची काढणी, मग वार्षिक परीक्षा. असें करतां करतां दीड वर्ष लोटलें.

अखेर नेत्रवैद्यांनीं तपासून सांगितलें, “मोतीबिंदु दोन्ही डोळ्यांत आहे, तो काढतां येईल. परंतु डाव्या डोळ्यांत काचबिंदुही आहे, आणि त्यानें दृष्टीचा मज्जातंतु बहुतेक वाळला आहे. ती दृष्टि परत आणण्याची विद्या कोणापाशींही नाहीं. लौकर आलां असतां, तर थेंबांनीं पुष्कळ राखतां आली असती.”

हे दोन रोग किती भिन्न! बाहुलीमागील पारदर्शक भिंग वयोमानानें गढूळ होतें, तो मोतीबिंदु. तें काढून कृत्रिम भिंग बसविलें कीं बहुधा दृष्टि येते. ‘पिकण्याची’ वाट पाहण्याचें आतां कारण उरलेलें नाहीं. काचबिंदूंत बहुधा डोळ्यांतील द्रवाचा दाब वाढतो व मेंदूकडे जाणारा तंतु हळूहळू मरतो. नेहमींच्या प्रकारांत तो दुखत नाहीं. आधीं कडेची नजर जाते, मधली उशिरापर्यंत राहते. म्हणूनच वडील वाचीतही होते आणि चौकटीस थडकतही होते.

त्या दिवशीं मला पणजीची ऐकीव हकीकत आठवली. तिनें अखेरचीं वर्षें अंधत्वांत काढलीं. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. सर विल्यम वान्लेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस उघडलेल्या मिशन रुग्णालयांत मोतीबिंदु काढीत असत. परंतु मिरज दूर आणि हातीं पैसा नाहीं. शिवाय भिंग काढल्यावर जाड कांचेचा चष्मा हाच आधार. डोळ्यांत कृत्रिम भिंग प्रथम बसविलें तें हॅरल्ड रिड्ले यांनीं, १९४९ सालीं लंडन येथें. १९७६ सालीं आपल्या देशांत अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि आज सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. जो लातूर जिल्हा १९८२ सालीं आपल्या जिल्ह्यांतून वेगळा झाला, तेथील माकेगांवचे डॉ. तात्याराव लहाने यांनीं शिबिरें भरवून असंख्य वृद्धांस दृष्टि दिली. २००८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. पणजीस साधन नव्हतें. मजपाशीं साधन होतें, तांतडी नव्हती.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी सोडतांच वडिलांनीं मजकडे निरखून पाहिलें आणि म्हणाले, “बाळ, तुझे केंस किती पिकले रे! केव्हां?” मजजवळ उत्तर नव्हतें. रागाचा एक शब्दही ते बोलले नाहींत; बोलते तर बरें झालें असतें.

आतां ते आमच्याकडेच राहतात. उजवा डोळा राखावा म्हणून त्यांत थेंब घालण्याचें काम माझी मुलगी नेमानें करते. काचबिंदु कुळांत चालतो; म्हणून चाळिशी घेतांना मींही डोळ्यांतील दाब मोजविला. सध्यां भय नाहीं. तरी दरवर्षीं जाणें आलेंच.

विद्यार्थिमित्रांनो, तुमचे डोळे तीक्ष्ण आहेत. ते घरच्या वडीलधाऱ्यांसाठींही वापरा. आजोबा पायरी चुकतात काय, आजी सुईंत दोरा ओवण्याचें टाळते काय, हें पाहा आणि आईबापांस सांगा. मुलांस खर्चांत पाडूं नये म्हणून वृद्ध माणसें स्वतः पुष्कळदां सांगत नाहींत. पालकहो, चाळिशीनंतर डोळे तपासून घ्या; मधुमेह असेल तर डोळ्याचा पडदा दरवर्षीं दाखवा. काढणी चार दिवस थांबेल, परीक्षा पुनः येईल. वाळलेला तंतु मात्र पुनः पालवत नाहीं.

असो. रात्रीं आमच्या घरीं शास्त्रपाठ पुनः सुरू झाला आहे. पाण्याचा तांब्या आतां आम्ही वडिलांच्या उजव्या हाताशीं ठेवितों.