ताईच्या गुडघ्यांना झेपेल असा गड

महागाव, जि. यवतमाळ

चि. छकुलीस,


तुझे फोटो पोचले. वेल्समधल्या लानबेरिसच्या तळ्याकाठी ताई बाकावर बसली आहे, हातात थर्मासचं झाकण, मागे डोलबादर्न किल्ल्याचा तो गोल बुरूज. दोन्ही गुडघे नवे बसवलेली बाई दीड तास चालली आणि वर हसते आहे! मी तो फोटो अख्ख्या आळीला दाखवला. फोटोखाली तू लिहिलं होतंस, ‘मामा, असं आपल्याकडे का नाही? तळं, झाडी, पडका किल्ला आणि म्हाताऱ्या माणसाला झेपेल अशी वाट.’ फोनवर उत्तर दिलं असतं तर आपलं भांडण झालं असतं, म्हणून कागद घेतला.

आहे, बाई. आपल्या दारातून गाडी काढली तर तासाभराच्या आत. आणि तू तिथं निदान दहा वेळा जाऊन आली आहेस. माहूर.

तू आता म्हणशील, माहूर म्हणजे तर देवीचं. तेच तर माझं दुखणं आहे. तुला आम्ही दर वेळी जीपमध्ये कोंबून नेलं, पायऱ्या चढवल्या, रेणुकामाईपुढे डोकं टेकवलं, विडा हातावर ठेवला आणि ‘चला, चला, उशीर होतोय’ करत परत आणलं. उशीर कशाला होत होता, देव जाणे. घरी येऊन आम्ही पत्ते खेळत बसायचो. वाटेत एवढा मोठा तट दिसायचा. एकदा तू विचारलंसही, ‘मामा, ही भिंत कुणाची?’ मी म्हणालो, ‘जुनी आहे.’ एवढंच. त्या उत्तराची भरपाई आज करतो.

आपल्या मराठी माणसाचा गड सह्याद्रीतला. छाती फुटेस्तोवर चढलं नाही, घोटा मुरगळला नाही, तर तो गड कसला! पुण्या-मुंबईच्या पोरांना राजगडाच्या वाटा तोंडपाठ, आणि माहूरच्या किल्ल्याचं नाव काढलं तर म्हणतात, ‘तिथं किल्लापण आहे?’ आहे ना, चांगला डोंगरावर पसरलेला, दूरवर तट गेलेला. त्याचा गुन्हा इतकाच, की रस्ता थेट त्याच्या जवळून जातो. चढाईचं काम गाडी करते, आपल्याला उरतं ते फक्त चालणं. ताईला आणखी काय हवं?

तर अशी वाट धरायची. सकाळी लवकर निघून महामार्गानं धनोड्यापर्यंत, तिथून पैनगंगेचा पूल. पुलावर गाडी हळू घ्यायला सांग. नदीच्या अलीकडे आपला यवतमाळ जिल्हा, पलीकडे नांदेड. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे मराठवाडा. 1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हापासून 1948पर्यंत ही नदी म्हणजे दोन राज्यांची शीव होती. इकडून माहूरला देवीला जाणारा माणूस इंग्रजांच्या अमलातून निघून निजामाच्या अमलात उतरायचा आणि नवस फेडून परत यायचा. पावसाळ्यात पुलावरून पाणी जातं तेव्हा ती शीव आम्हाला अजूनही जाणवते.

पहिला मुक्काम मातृतीर्थ. कथा तुला आजीनं सांगितलेली आहेच. जमदग्नींचा देह आणि रेणुकामाता यांना कावडीत घेऊन परशुराम निघाला, दत्तात्रेयांना त्यानं आचार्य केलं, विधीच्या स्नानाला पाणी हवं म्हणून बाण मारला आणि हे तीर्थ निघालं. म्हणजे हे पाणी एका लेकरानं आईसाठी काढलेलं आहे. तू तुझ्या आईला हाताला धरून आणणार, तर सुरुवात दुसरीकडून कशाला करायची? इथं थोडं बसा. दर्शनाची घाई नको. देवी कुठं जात नाही.

मग किल्ला. हत्ती दरवाजाच्या कमानीखाली उभं राहून वर बघ. डोलबादर्नचा बुरूज तेराव्या शतकातला, ल्यूएलिन राजानं बांधलेला, हे तू मला कौतुकानं लिहिलंस. माहूरची वंशावळही काही लहान नाही. बहमनी वजीर महमूद गवान यानं वऱ्हाडाचे दोन तुकडे केले, तेव्हा एकाचं ठाणं गाविलगड होतं आणि दुसऱ्याचं माहूर. अकबराच्या काळात माहूर हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार होतं. आणि मला सगळ्यात आवडते ती 1623ची गोष्ट. बाप जहांगीर याच्याविरुद्ध बंड करून हरलेला शाहजादा खुर्रम दक्षिणेत पळत आला. पुढे गोवळकोंड्याच्या मुलखात जायचं, तर हत्ती आणि जड सामान कुठं ओढत नेणार? ते त्यानं माहूरच्या किल्ल्यात, उदाराम नावाच्या सरदाराच्या हवाली ठेवलं. पुढे ताजमहाल बांधणारा शाहजहान तो हाच. त्या दरवाजाचं नाव हत्ती दरवाजा का पडलं ते मी सांगणार नाही, पण तिथं उभं राहिलं की मला तरी जहांगीरच्या पोराचे ते थकलेले हत्ती दिसतात.

त्याच उदाराम घराण्यातली सावित्रीबाई म्हणजे रायबागन. औरंगजेबानं दिलेली पदवी ती, राजव्याघ्री या अर्थाची. 2 फेब्रुवारी 1661 रोजी उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांनी रानात कोंडली, तेव्हा ही बाई त्या फौजेत होती. अशा रानात शिरलास हीच चूक, आता शरण जा, असं तिनं खानाला तोंडावर सुनावलं आणि खान तिचं ऐकून शरण गेला. परमानंदाच्या शिवभारतात हा प्रसंग आहे. इतिहासवाले तिच्या धैर्याबद्दल बोलतात. मला वाटतं, तिला रान कळत होतं. माहूरची बाई, सागाच्या झाडीत वाढलेली. झाडांच्या आड माणूस किती जवळ असूनही दिसत नाही हे तिला काय खानानं शिकवायचं?

गडाच्या पोटात तळं आहे. त्याच्या काठानं रमतगमत चालायचं. पाण्यात पडक्या भिंतींची सावली, काठाला बगळे, आणि तटाच्या एखाद्या भगदाडातून खाली सागाचं रान. पावसाळ्यानंतर आलीस तर पानं ताटाएवढी असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती गळून वाटेवर पडतात आणि पायाखाली पापडासारखी मोडतात. तेव्हा पळस पेटलेला असतो आणि मोहाचा वास येतो. पण ऊन चढतं, म्हणून ताईला तो हंगाम नको.

मागच्या वर्षी मी एकटाच असा फिरत होतो, तर सरपण घेऊन जाणाऱ्या एका म्हातारीनं मला अडवलं. ‘काहून जी, देव तिकडं हाय, तुमी इकडं कुठं?’ मी म्हणालो, ‘असाच फिरतोय.’ तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. ‘असाच’ हे कारण तिच्या पदरात पडेना.

आपल्याकडे लोक चालत नाहीत, असं मात्र समजू नकोस. राखी पौर्णिमेला माहूरची परिक्रमा असते. भर पावसाळ्यात हजारो माणसं डोंगरदऱ्यांतून, ओढे ओलांडत, चिखल तुडवत पायी फेरा घालतात. बायका, म्हातारे, कडेवर पोरं. त्यात विदर्भातले असतात, मराठवाड्यातले असतात, तेलंगणातलेही. तुमच्या वेल्समध्ये पाटी लावलेल्या वाटा असतील, पण जंगलातून घालायचा फेरा आम्हाला कुणी शिकवायला नको. फक्त आमच्या चालण्याला तिथी लागते आणि देव लागतो. देवदेवेश्वराला येणारे महानुभाव, दत्तशिखरावर जाणारे दत्तभक्त, सोनापीर दर्ग्याला जाणारे, सगळे कुणाला तरी भेटायला निघालेले. पडक्या भिंतीला भेटायला कुणी निघत नाही. डोलबादर्नचं चित्र टर्नरनं काढून 1800 साली लंडनच्या रॉयल अकादमीत मांडलं. तिकडे दोनशे वर्षं लोक पडझडच बघायला जातात. माहूरला विष्णुदासांसारखा कवी लाभला, पण त्याचं सारं मन देवीच्या पायाशी. तटाला कुणी वाली मिळाला नाही.

म्हणून लानबेरिससारखं बाक मिळेल ही आशा सोड. मी घडीची खुर्ची गाडीत टाकतो. बुरजांवर घाणेरीची झुडपं माजली आहेत, त्यांत हात घालू नको. काही दगड सुटलेले आहेत, तटावर चढायचा मोह आवर. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दिसतील, त्या आपल्यासारख्यांनीच टाकलेल्या. एक पिशवी घेऊन ये, परतताना भरून आणू. रानात अस्वल असतं, बिबट्याही असतो, तेव्हा आत घुसायचं नाही आणि ऊन कलायच्या आत गाडीपाशी यायचं. घाटाच्या रस्त्यावर पायी चालायचं नाही, गाड्या अंगावर येतात. एवढं पाळलं तर दीड तासाची फेरी ताईला सहज जमेल. त्यानंतर रेणुकामाईचं दर्शन. पायऱ्या नको वाटल्या तर ताई खालूनच हात जोडेल, मी वर जाऊन विडा आणीन. तिथला विडा कुटलेला असतो, त्यामुळे ताईच्या दातांचाही प्रश्न नाही.

डिसेंबरची तिकिटं काढ, पण दत्तजयंतीचे आठ दिवस सोडून, नाहीतर गर्दीत तळंही दिसायचं नाही. काढलीस की कळव. आणि ताईला सांग, तळ्याकाठी घातलेले तेच बूट घेऊन ये, इथं आल्यावर नव्या चपला घ्यायच्या नाहीत.

तुझा,
मामा