चढावरचं मिसिंग

सुरगाणा तालुक्यात मालाची गाडी म्हटली की बहुतेक डिझेलची पिकअप, आणि डिझेलला स्पार्क प्लग नसतोच. त्यामुळे पेट्रोल-सीएनजीवर चालणारी माझी छोटी मालगाडी इथल्या मिस्त्रींच्या हाताखालून फारशी जात नाही. हिवाळ्यात इकडची स्ट्रॉबेरी सुरतेला पोचवायची आणि परतताना सिमेंट, पत्रे, खत भरून आणायचं, हा माझा धंदा. जाताना उतार आणि माल हलका. येताना मात्र वघईकडून सापुताऱ्याचा घाट भरल्या गाडीने चढावा लागतो.

त्या घाटातच गाडी मिसिंग मारायला लागली. सपाटीवर काही तक्रार नाही, रिकामी असली तर झकास पळायची. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओढताना पाय दाबला की धक्के. पेट्रोलवर टाकली की धक्के कमी व्हायचे, गॅसवर पुन्हा सुरू. एका गॅरेजने कॉइल बदला म्हणून सांगितलं, दुसऱ्याने गॅस किटवर बोट ठेवलं. मी म्हटलं, आधी प्लग काढू.

कारण सांगतो. मोकळ्या हवेत ठिणगी सहज उडते. सिलिंडरमध्ये दाब वाढला की प्लगच्या दोन टोकांमधलं तेवढंच अंतर, म्हणजे गॅप, ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात, आणि पूर्ण थ्रॉटलवर, भार ओढताना दाब सर्वांत जास्त असतो. त्यात गॅसवर ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट हवेत. गॅप वाढलेला असेल तर चांगली कॉइलही तिथे कमी पडते. म्हणून प्लग बाहेर काढून, बॉडीला टेकवून ‘करंट येतोय’ एवढं बघण्यावर माझा भरवसा नाही. त्या चाचणीत दाबच नसतो.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर चारही प्लग काढले. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, गरम असताना पाना लावला तर आटे जायची भीती. आमच्याकडचा पाऊस बघता प्लगच्या खोबणीत पाणी-चिखल असतोच, तो आधी हवा मारून साफ केला. पोर्सेलीन पांढरंशुभ्र निघालं. पेट्रोलच्या गाडीत असा पांढरा प्लग दिसला तर मिश्रण पातळ असल्याची शंका घ्यावी, पण गॅस स्वच्छ जळतो, तिथे पांढरा रंग नेहमीचाच. खरी गोष्ट टोकांवर होती. कडा झिजून गोल झालेल्या आणि गॅप 1.3 मिलिमीटर. पेट्रोलवर या इंजिनाला 1 मिलिमीटर पुरतो. झिजलेल्या प्लगमध्ये खळगा पडतो, चपटी पट्टी त्यावरून सरकते आणि गॅप कमी दाखवते. म्हणून मी तारेचा गेज वापरतो.

नवे प्लग घेताना नंबराचा प्रश्न आला. दुकानदार म्हणाला, “भाऊ, गॅसची गाडी आहे, एक नंबर थंड घ्या.” थंड म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर टाकणारा प्लग. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. प्लगचं टोक साधारण 450 ते 850 अंशांच्या दरम्यान राहायला हवं. त्याखाली काजळी धरते, फार वर गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटतं. पण माझी गाडी पावसाळ्यात गावातल्या गावात फिरते आणि रोज पेट्रोलवर सुरू होते. तिथे थंड प्लग काजळी धरणार. म्हणून पुस्तिकेतलाच 6 नंबर घेतला. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशमध्ये उलट, आकडा वाढला की गरम. दुसऱ्या कंपनीचा प्लग घेताना हे तपासायलाच हवं.

गॅप 0.8 ठेवला. त्याहून खूप कमी केला तर ठिणगी तोकडी पडते आणि आयडलिंगला इंजिन थरथरतं. वाकवायचा फक्त बाहेरचा, वरचा दांडा. मधल्या टोकावर जोर देऊन काही करू नये, आणि इरिडियमचं बारीक टोक असेल तर नाहीच नाही.

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकणारा भाचा शेजारी बसून बघत होता. “मामा, अमेरिकेत ट्रकला नायट्रस लावतात, तेही गॅप कमी करतात ना?” प्रश्न मला आवडला. नायट्रस ऑक्साइडमध्ये वजनाने 36 टक्के ऑक्सिजन असतो, हवेत 23 टक्के. जास्त ऑक्सिजन, जास्त इंधन, म्हणून सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता दोन्ही वाढतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी विरळ हवेत उडणाऱ्या विमानांना हेच दिलं होतं. अशा इंजिनाला गॅप कमी आणि प्लग थंड, दोन्ही लागतात. आपल्या घाटात दाबाचा भाग तोच, उष्णतेचा तेवढा नाही, म्हणून मी गॅप बदलला आणि नंबर ठेवला. नायट्रस बसवायचा विचार मात्र त्याच्या डोक्यातून काढला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत असा मनचा बदल चालत नाही. सीएनजी किटसुद्धा मान्यताप्राप्त हवं आणि आरसीवर नोंदलेलं हवं.

प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवले, मग नव्या वॉशरसाठी पान्याने साधारण अर्धा फेरा. पुढच्या खेपेला सिमेंट भरून गॅसवरच घाट चढलो, एकही धक्का बसला नाही. कॉइल जुनीच आहे.

तुमची गाडी फक्त चढावर, फक्त गॅसवर मिसिंग मारत असेल तर कॉइलचे पैसे मोजण्याआधी चारही प्लगचा गॅप मोजा. नवे प्लगही खोक्यातून काढल्यावर मोजूनच बसवा, आणि आकडा गाडीच्या वहीत लिहून ठेवा.