एकतीस क्विंटलची गाडी

मंडळी, गाडी घेतली. गेला आठवडाभर पुणे, नागपूर, ठाणे आणि एक न्यू जर्सी इतक्या ठिकाणांहून फोन आले. प्रत्येकाने एकच प्रश्न वेगवेगळ्या सुरात विचारला, म्हणून म्हटलं इथे एकदाच सविस्तर लिहून टाकावं.

स्टँडर्ड हेराल्ड. १९६८ ची. दोन दारं, कापडी टप. होय, उघडी गाडी. होय, अमरावतीत. आणि हो, मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो हे मला माहीत आहे, साठ वर्षं याच उन्हात काढली आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही रविवारी सकाळी, एवढाच तिचा मोसम. बाकी वेळ ती झाकून उभी राहणार.

ज्यांना हेराल्ड आठवत नाही त्यांच्यासाठी थोडं. आमच्या लहानपणी रस्त्यावर गाड्या म्हणजे तीनच: अँबेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड. पैकी हेराल्ड मूळची इंग्लंडातली, १९५९ साली 'ट्रायम्फ' नावाने आलेली. तिचं रेखाटन मिकेलोत्ती या इटालियन माणसाचं, म्हणून तिच्या अंगाला ते टोकदार नखरे आहेत. १९६१ पासून ती मद्रासला बनू लागली. ९४८ सीसीचं इंजिन, म्हणजे आजच्या एखाद्या लहान गाडीएवढंच. बॉनेट उघडायचं म्हणजे मडगार्डं, दिवे यांच्यासकट गाडीचं अख्खं तोंडच पुढे कलंडतं आणि मिस्त्री टायरवर बसून आरामात काम करू शकतो. वळते तर इतक्या कमी जागेत, की आमच्या गल्लीत मागेपुढे न करता फिरते. (आमच्या ह्यांची मोठी गाडी तिथे तीनदा मागेपुढे होते. ते असो.)

दोन दारं मात्र आपल्याकडे कधी रुचली नाहीत. एकत्र कुटुंबात मागे बसायचं कोणी? आजेसासूबाईंना पुढची सीट वाकवून आत कसं घालायचं? शेवटी कंपनीने चार दारांची हेराल्ड काढली, आणि पुढे १९७२ मध्ये तिचीच गॅझेल झाली. म्हणजे माझी गाडी कुटुंबाला नको असलेल्या पहिल्या जातीची. मला ते आवडलं.

टप उघडा कसा, हाही प्रश्न आलाय. हेराल्डची सांगाडा-चौकट वेगळी आणि वरचं शरीर तुकड्यातुकड्यांत बोल्टांनी जोडलेलं. छप्परसुद्धा बोल्टांवरच. त्यामुळे इंग्लंडात तिची कापडी टपाची आवृत्ती सहज निघाली, आणि आपल्याकडे गॅरेजवाल्यांनी छप्पर उतरवून कितीतरी हेराल्ड उघड्या केल्या. माझीही तशीच. अकोल्याच्या आधीच्या मालकांनी १९८० च्या दशकात करून घेतलेली, आणि मुख्य म्हणजे तेव्हाच आरटीओत जाऊन पुस्तकावर नोंदवलेली. ही नोंद नसती तर मी गाडीला हात लावला नसता. कारण कायदा २००० साली बदलला, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा फेरफार चालणार नाही. आज कोणी छप्पर कापून देतो म्हणाला तर त्याला नमस्कार करून निघावं.

आमच्या चिरंजीवांनी पुण्याहून सुचवलं की आई, पन्नास वर्षांवरची आहे ना, मग 'व्हिंटेज' म्हणून नोंद कर, व्हीए अक्षरांची नवी पाटी मिळेल, रुबाब वाटेल. हा नियम २०२१ मध्ये आला. वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची नोंदणी. पण तो नीट वाचला तर दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे गाडी मूळ रूपात हवी, त्यामुळे आमचं कापडी टप तिथेच नापास. आणि दुसरी जास्त गमतीची: व्हिंटेज नोंद झालेली गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती असल्या कारणांपुरतीच रस्त्यावर आणायची, रोजच्या वापराला नाही. म्हणजे रुबाबाची पाटी लावली की रविवारची मजा बंद! तेव्हा माझी आपली साधी नोंदणी, तीन इंग्रजी अक्षरांचा जुना नंबर, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी २०२२ च्या एप्रिलात सहाशेची पाच हजार झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टात वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार. शिवाय पर्यावरण कर. हे सगळं ज्यांना हौस आहे त्यांनी आधी वहीत मांडावं, मग मिस्त्रीकडे जावं.

मिस्त्री अकोल्याचे, पासष्टीचे. त्यांनी मला बसवून तीन गोष्टी सांगितल्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या रबरी नळ्या त्यात टिकत नाहीत, म्हणून सगळ्या बदलल्या आहेत, तरी दर महिन्याला वास घेऊन बघायचा. वळणावर वेग नाही, कारण या गाडीचं मागचं चाक जोरात वळलं तर पोटाखाली दुमडतं. आणि तिसरी: "मॅडम, ही गाडी तुमच्या घाईची नाही."

मला हेराल्डच का, हे कोणी विचारलं नाही, तरी सांगते. अकोल्याला बी.एस्सी.ला होते तेव्हा एक डॉक्टरीणबाई आपली पांढरी हेराल्ड स्वतः चालवत टिळक रोडवरून जायच्या. मागे कोणी नाही, शेजारी कोणी नाही. त्या कुठे जायच्या ते मला कधीच कळलं नाही. दवाखान्यातच जात असतील. पण मला वाटायचं, सहज चालल्या आहेत.

तर पैसे दिले, दोन लाख चाळीस हजार, माझ्या ग्रॅच्युइटीतले, आणि गाडी घेऊन निघाले. अकोला-अमरावती रस्ता आठवतोय ना? एकेकाळी या रस्त्याने जायचं म्हणजे पाठीचा पट्टा लावून. त्याच रस्त्याचा ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनेस बुकात नाव लागलं. त्या विक्रमी रस्त्यावरून मी ताशी पन्नासने आले. ट्रकवाले ओलांडून जाताना हॉर्न देत होते, रागाने नाही, वरातीला देतात तसा.

पण सरळ घरी आले नाही. मूर्तिजापूरला दर्यापूरच्या बाजूला वळले, बंद पडलेल्या शकुंतलेच्या रुळांकडे. दर्यापूर तालुक्यात आमचं गाव, तिथे धाकटा भाऊ शेती करतो आणि माय त्याच्याकडे असते. इथून पुढे काळी माती, रस्ता टिकत नाही, आणि ही गाडी बसकी. दुसऱ्या गिअरमध्ये, नवऱ्या मुलीसारखी नेली.

भाऊ अंगणात आला. गाडीभोवती एक चक्कर मारली. बॉनेट उघडायला लावलं, तोंड पुढे कलंडलं तसं त्याला हसू आलं, म्हणजे वाटलं जिंकलं. मग त्याने विचारलं, "ताई, हे कोन्या कामाची हाय?"

मी म्हटलं, कामाची नाही.

"मंग केवढ्याले?"

आकडा सांगितला. तो गप्प उभा राहिला, ओठ हलत होते. यंदाचा, म्हणजे २०२५-२६ चा, मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये क्विंटल. "एकतीस क्विंटल," तो म्हणाला. "अन् व्यापाऱ्याच्या भावानं त अजून जास्ती."

आमचा भाग खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी खारं, ओलिताला कामाचं नाही, सगळं आभाळावर. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर एकतीस क्विंटल म्हणजे सहा एकरांचं अख्खं वर्ष. खर्च वजा न करता. आणि यंदा पावसाने त्याचं सोयाबीन गेलेलं. त्याने टोमणा मारला नव्हता, त्याने नुसता हिशेब केला होता. शहरात गाडी महाग की स्वस्त हे आपण पगाराशी ताडून बघतो, तो कापसाशी बघतो. मला तिथे उभं राहवेना. पैसे माझे होते, गैर काही केलं नव्हतं, तरी किल्ली मुठीत लपवावीशी वाटली.

अमरावतीतही हाच प्रश्न ऐकला होता, पण तिथे उत्तर द्यायला सोपं गेलं. जीप घ्यायची होती, सामान तरी येतं, असं शेजारचे म्हणाले. आपल्याकडे प्रत्येक वस्तूने पोटापुरतं काम केलंच पाहिजे, नुसत्या मजेला वऱ्हाडात जागा नाही, असं एक छान वाक्यही मी इथे लिहायला म्हणून मनात तयार ठेवलं होतं.

ते वाक्य मायने मोडलं. ती ओट्यावर बसून ऐकत होती. ब्याऐंशी वर्षांची आहे, कान शाबूत. भावाला म्हणाली, "तुह्या बापाची पटाची जोडी कोन्या कामाची होती रे?"

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. धुरकरी जोडी हाकतो, घड्याळ लावून सेकंद मोजतात. आमच्या जिल्ह्यात तळेगाव दशासरचा पट नावाजलेला, आणि तिथे बायकाही धुरकरी होतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या होत्या, मग डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याकडे अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ च्या निकालाने ती पक्की झाली. बाबांच्या काळात असलं काही नव्हतं. त्यांची पांढरी जोडी सत्तरच्या दशकात आसपासच्या गावात ओळखीची होती. त्या बैलांच्या मानेवर कधी नांगराचं जू आलं नाही. शेताची कामं दुसऱ्या जोडीने करायची, आणि ही खायची. सरकी, ढेप, दूध. आम्हा पोरांना दूध पाण्याचं आणि जोडीला निवळ, हे मलाही आठवतं.

भाऊ म्हणाला, "ते वेगळं होतं माय. त्याच्यात नाव होतं."

"नाव त्याईचं," माय म्हणाली. "ढेपीत माह्या दोन पाटल्या गेल्या. मले कोनी इचारलं नाही."

हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. पाटल्या मोडल्या ते १९७२ च्या दुष्काळात, धान्यासाठी, असंच घरात सांगितलं जायचं. भाऊ काही बोलला नाही. उठून बॉनेट आपणच खाली केलं, दोन्ही बाजूंचे कडे नीट लावले. मग मायने मला विचारलं, "तुह्या पैशाची घेतली ना?"

म्हटलं, माझ्याच.

"जावयाले इचारलं?"

म्हटलं, सांगितलं. विचारलं नाही.

यावर ती काही बोलली नाही, फक्त चप्पल घालायला लागली. गुडघे धड नाहीत, गाडी बसकी. भावाने एका बाजूने आणि वहिनीने दुसऱ्या बाजूने धरून तिला पुढच्या सीटवर बसवलं. मी टप तसंच राहू देणार होते, वारा लागेल म्हणून. तिने बोटाने वर दाखवलं. काढ. टप मागे घडी करायला दोन माणसं आणि दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात निम्मं गाव जमा झालं. डोक्यावरचा पदर तिने घट्ट खोचला, आणि मी चोक ओढून गाडी सुरू केली तशी म्हणाली, "हळू घे. पारावरून घे. लोकायले दिसू दे."

पारावरून घेतली. शाळेपर्यंत आणि परत, असेल दीड किलोमीटर. येताना तिने आणखी एकदा नेलं असतं तरी चाललं असतं असं तोंड केलं होतं, पण अंधार पडायला आला होता आणि माझे दिवे त्या काळचे, मिणमिणते.

भावाचा हिशेब काही चुकीचा नाही. एकतीस क्विंटल ते एकतीस क्विंटलच. निघताना त्याने मागच्या सीटवर तुरीच्या शेंगांची पिशवी टाकली आणि म्हणाला, "घे, सामान येते म्हना तुह्या गाडीत."

पुढचा रविवार परतवाड्याचा. वलगाव, आसेगाव करत सकाळी सातला निघायचं, घाट चढायचा नाही, चिखलदरा पुढे कधीतरी, मिस्त्रींनी परवानगी दिल्यावर. वाटेत संत्र्याच्या बागांना आंबिया बहार लागायला आला असेल, उघड्या गाडीतून तो वास कसा येतो ते बघायचं आहे. ज्या भाच्यांना यायचं असेल त्यांनी कळवावं. मागे दोघं मावतात, गुडघे छातीशी घ्यायची तयारी असेल तर. रुमाल आणि स्वेटर आपापले आणावेत.