मीटर ३ व्होल्ट दाखवतो तेव्हा

गंगापूर रोड, नाशिक

चि. ताईस,


ऑफिसमधून आल्यावर संध्याकाळी तू डिप्लोमाच्या मुलांच्या शंका व्हिडिओ कॉलवर सोडवायला बसतेस, हे तुझ्या आईकडून कळलं आणि फार बरं वाटलं. परवा तू विचारलंस, "मावशी, मुलं नुसतं 'सर्किट चालत नाही' एवढंच लिहितात, पुढे काय करायचं?" फोनवर याचं उत्तर घाईघाईत उरकायची इच्छा नव्हती, म्हणून पत्र लिहायला घेतलं.

त्यांच्याकडून आधी आकडा माग. बॅटरीच्या टोकांवर किती व्होल्ट येतात, रेझिस्टरवर किती, एलईडीवर किती. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडीचे साधारण २ व्होल्ट, करंट १० मिलिअँपियर, म्हणजे रेझिस्टर ७०० ओहमचा. दुकानात ६८० चा मिळतो, निळा-करडा-तपकिरी पट्ट्यांचा. एवढं गणित मुलांना येतं. तरी एलईडी लागत नाही, कारण मोठ्या ब्रेडबोर्डच्या पुष्कळ जातींत कडेची पुरवठ्याची पट्टी मध्यावर तुटक असते आणि वरून बघताना ती सलग वाटते. हे कॅमेऱ्यातूनही तुझ्या लगेच लक्षात येईल, पण सांगू नकोस. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर धरायला लाव आणि लाल प्रोब लाल पट्टीवरून एकेक भोक पुढे न्यायला सांग. नऊ, नऊ, नऊ आणि मग एकदम शून्य. ते शून्य मुलाने स्वतः शोधलं की पुढच्या खेपेला तो तुला विचारायच्या आधी मीटर हातात घेईल.

आता मला खरं सांगायचंय ते. कळवण तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न तू मला पाठवला होतास: १० मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडून ९ व्होल्टला लावले, मधल्या बिंदूवर निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्ट यायला हवेत. संगणकावर साडेचारच येतात. मीटर मात्र ३ दाखवतो. त्याने तीनतीनदा जोडून पाहिलं, बॅटरी बदलली, मित्राचा मीटर आणला, तरी तीनच. शेवटी 'मीटर खराब आहे का?' म्हणून विचारलं.

किती सुंदर प्रश्न आहे हा! पहिल्या वर्षाच्या पुस्तकाने त्याला सांगितलेलं नसतं की मोजणारा मीटर सर्किटच्या बाहेर उभा नसतो. साध्या डिजिटल मीटरचा व्होल्टेज मोजतानाचा स्वतःचा रोध बहुधा १० मेगाओहम असतो. तो खालच्या रेझिस्टरला समांतर लागला की दोघांचा मिळून ५ मेगाओहम होतो. वर १०, खाली ५. नऊचा तिसरा हिस्सा तीन. मीटर अगदी बरोबर आहे, आणि संगणकही. दोघांनी वेगवेगळी सर्किटं मोजली, इतकंच. त्याला हे उत्तर लिहून पाठवू नकोस. संगणकावरच्या आकृतीत खालच्या रेझिस्टरला समांतर आणखी एक १० मेगाओहमचा रेझिस्टर काढून बघ, एवढंच सांग. तिथेही ३ आले की तो विचार करत बसेल, आणि त्या बसण्यातच त्याचं शिक्षण आहे.

पण तिथे एक मेख आहे, ती तुला माहीत असलेली बरी. संगणकावर सर्किट चालवून दाखवणाऱ्या स्पाइस या प्रणालीच्या भाषेत आकड्यापुढचा 'एम' म्हणजे मिली. मोठा काढा की लहान, त्याला फरक कळत नाही. मेगासाठी 'मेग' लिहावं लागतं. हा वारसा पंचकार्डांच्या काळातला, जेव्हा अक्षरं मोठीच असत. त्या मुलाने १० पुढे नुसता 'एम' लिहिला असेल, तर त्याच्या संगणकातले रेझिस्टर १० मिलिओहमचे आहेत. गंमत अशी की दोन्ही सारखेच चुकल्यामुळे मधला बिंदू तरीही साडेचार व्होल्टच दाखवतो, आणि तिसरा रेझिस्टर लावल्यावर तीनच. सगळं बरोबर! म्हणून त्याला करंट विचार. दोनच रेझिस्टर असताना हिशेबाने तो ०.४५ मायक्रोअँपियर हवा. 'एम' चा घोळ असेल तर ४५० अँपियर येईल, तेही ९ व्होल्टच्या चिमुकल्या बॅटरीतून. चुकीचा आकडा निदान ओरडून सांगतो. योगायोगाने बरोबर आलेला आकडा मुलांचं जास्त नुकसान करतो. म्हणून उत्तर जुळलं तरी आणखी एक राशी मोजायला लावत जा.

ही स्पाइस आपल्या मुलांच्या हातात फुकट आहे यामागे एका शिक्षकाचा हट्ट आहे. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात लॉरेन्स नेगल यांनी ती लिहिली, आणि ती सर्वांना मोकळी असावी हा आग्रह त्यांचे मार्गदर्शक डोनाल्ड पेडरसन यांचा. तिच्याच वंशातली एनजीस्पाइस आज मुंबईच्या आयआयटीतल्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाच्या 'ईसिम' या सर्किट-प्रणालीत आहे. सायलॅब या आकडेमोडीच्या प्रणालीत पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं विद्यार्थ्यांकडूनच करून घेण्याचं कामही फॉसीचंच.

त्याच आयआयटीत प्रा. कण्णन मौदगल्य यांनी उभा केलेला स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प तू नीट बघ. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, आणि ध्वनी मराठीतही. पडद्यावरचा मजकूर मात्र इंग्रजीच ठेवलाय, कारण नोकरीत मुलाला तोच पडदा समोर येणार. एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला खरी प्रणाली, थांबवायचं आणि लगेच स्वतः करून बघायचं. धड्याची संहिता आधी त्या विषयातल्या नवख्या माणसाकडून तपासून घेतात. तो जिथे अडेल तिथे ती दुरुस्त होते. मला या सगळ्यात हेच सर्वांत मोलाचं वाटतं. तूही एखादी सूचना लिहिलीस की आधी तुझ्या धाकट्या भावाला करून बघायला दे.

दहावीपर्यंत ओहमचा नियम मराठीत शिकलेली सुरगाणा-पेठची मुलं डिप्लोमाला आली की इंग्रजीत प्रश्न जुळवता जुळवता प्रश्नच लहान करतात. 'सर्किट चालत नाही' हे त्यातूनच येतं. त्यांना मराठीत लिहायला सांग, अगदी बोलतात तसं. हे नाशिक आहे; १९८९ साली स्थापन झालेलं मुक्त विद्यापीठ याच गावातून 'ज्ञानगंगा घरोघरी' म्हणत राज्यभर पोचलं. घरी बसून, आपल्या भाषेत, नोकरी सांभाळून शिकता येतं हे इथल्या लोकांना पटवून द्यावं लागत नाही.

सायलॅबच्या शंकांचं फार लिहीत नाही, त्या तुला येतातच: पायच्या आधी % लावायचं राहतं, साइनला अंश देतात आणि रेडियन विसरतात, दोन याद्यांचा पदवार गुणाकार करताना ताऱ्याआधीचा ठिपका सुटतो. चूक दाखवणारा संदेश त्यांना मोठ्याने वाचायला लाव. निम्मी मुलं वाचतानाच थांबतात आणि "कळलं, कळलं" म्हणतात. सबमिशनच्या आदल्या रात्री कुणी अख्खा प्रोग्रॅम मागितला तर देऊ नकोस. चालणारा लहान तुकडा दे आणि पुढची ओळ त्याच्याकडून लिहून घे, मग कितीही वाजोत. अशा वेळी जागं राहायची तुझी तयारी आहे हे मला माहीत आहे.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनवर मीटर लावायला कुणालाही व्हिडिओवरून सांगायचं नाही. मुलगा कितीही हुशार असो. मीटरची लाल वायर करंटच्या सॉकेटमध्ये राहिली असेल आणि त्याने प्रोब थेट लाइनवर टेकवले, तर मीटर जवळजवळ शॉर्टच करतो. स्वस्त मीटरात नीट फ्यूज असेलच याची खात्री नाही. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून मुलं काम करतात, ते तुला कॅमेऱ्यात दिसणारही नाही. असा प्रश्न आला की त्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर करायला पाठव. सर्किटचं बाकी सगळं बॅटरीवर शिकता येतं.

कळवणच्या मुलाला करंट किती आला ते मला कळव. शून्य पूर्णांक पंचेचाळीस मायक्रो आला असेल, तर त्याला एक मेगाओहमचे दोन रेझिस्टर घेऊन तोच प्रयोग पुन्हा करायला सांग, आणि मीटर साधारण ४.३ दाखवेल हे आधी त्याच्याकडूनच वहीत लिहून घे.

तुझी,
मावशी