सुप्याच्या माळावर
वीकेण्ड म्हटला की सिंहगड, तीच भजी आणि तोच ट्रॅफिक जॅम! या वेळी सोलापूर रोड पकडा. चौफुल्याहून सुप्याकडे वळलात की मयूरेश्वर अभयारण्य. १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं. चढ जवळजवळ नाहीच. साधे बूट, दोन बाटल्या पाणी, बस्स. सावली मात्र विसरा, म्हणून सकाळी लवकर पोचा.

गवत, बोरी-बाभळी, उघडं आभाळ... ‘इथे बघायचं काय?’ असं मीही म्हणाले. तेवढ्यात समोरचं गवत हललं. चिंकारा! थरच्या वाळवंटात राहतं तेच हे हरीण. याला दाट झाडी नको, असा मोकळा माळच हवा. आणि आपण त्याच माळाला ‘पडीक’ म्हणून झाडं लावायला निघतो. मी कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन ओढली, तेवढ्या आवाजाने स्वारी पसार!