बांड्या

आमच्या दावणीला बांड्या आला तेव्हा त्याची नाळ अजून ओली होती. संगमनेरच्या खालच्या अंगाला, पाटाच्या भरावावर, रात्रीतून कुणीतरी त्याला सोडून गेलं होतं. होल्स्टीन फ्रिजियन (एचएफ) संकराचा काळा-पांढरा गोऱ्हा. वडिलांनी त्याला खांद्यावर टाकून आणलं, आणि आईनं पहिलं काय विचारलं असेल तर, "ह्यानं चीक पेला आसंल का?"

त्या प्रश्नाचं मोल मला पुढे जनावरांच्या डॉक्टरांकडून समजलं. माणसाच्या बाळाला रोगांशी लढणारी द्रव्यं आईच्या पोटात असतानाच वारेतून मिळतात. गाईच्या वारेतून ती पलीकडे जातच नाहीत. वासरू जन्मतं ते अगदी उघडं, आणि त्याचं सारं संरक्षण चिकात असतं. तेही वासराच्या आतड्यातून रक्तात उतरतं ते पहिल्या दिवसभरात, त्यातही पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त. नंतर कितीही चीक पाजला तरी तो नुसता पचून जातो. शेजारच्या वस्तीवरच्या काकूंची गाय आदल्या रात्री व्याली होती. खरवसासाठी काढून ठेवलेला चरवीभर चीक त्यांनी आईच्या हातात दिला. "वासरापरीस खरवस मोठा न्हाई," एवढंच म्हणाल्या.

आई त्याला मान उंच करून बाटलीनं पाजायची. वासरू चोखत पितं तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ मिटते आणि दूध पहिले कप्पे टाळून थेट चौथ्या पोटात उतरतं. बादलीतून ढसाढसा प्यायलं तर ते कोठीपोटात सांडून आंबू शकतं आणि वासराला हगवण लागू शकते. दोन-तीन आठवड्यांनी त्यानं गव्हाणीतला लसूणघास तोंडात धरला, आणि पुढे एका दुपारी आईनं हाक मारून दाखवलं, "बघ, रवंथ करतोय!"

आईवेगळी पिल्लं अशी बाटलीवर वाढवणारी माणसं दूरदेशीही आहेत. ऑस्ट्रेलियात गाडीखाली मेलेल्या कांगारूंच्या पिशवीतून जिवंत पिल्लं निघतात आणि अनाथालयांत कापडी झोळीत वाढतात. तांबड्या कांगारूचं पिल्लू तेहतीस दिवसांत जन्मतं, वजन एक ग्रॅमही नसतं. आंधळं, पण स्वतःच चढत पिशवीत शिरून सडाला लागतं. पिल्लाच्या वयाबरोबर आईचं दूध बदलत जातं, म्हणून सांभाळणाऱ्यांनाही दूध बदलत न्यावं लागतं. गवत आंबवून पचवणारं पोट कांगारूलाही असतं. त्या बायाबाप्यांची छायाचित्रं पाहिली की मला आईची बाटली धरलेली मूठ आठवते.

बांड्याला सोडणाऱ्याला मी दुष्ट म्हणत नाही, पण त्याचं मला आजही वाईट वाटतं. आमचा सगळा तालुका दुधावर उभा आहे. गोऱ्हा पितो ते दूध डेअरीच्या मापातून कमी होतं. गाई कृत्रिम रेतनानं गाभण राहतात, नांगर ट्रॅक्टरला लागला. त्यात या संकराला देशी बैलासारखं वशिंड नाही, त्यामुळे मानेवर जू नीट ठरत नाही. 2015 पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. जुंपता येत नाही, विकता येत नाही, असा जीव मग पाटावर नाहीतर महामार्गाच्या कडेला सापडतो.

बांड्या शेणखतासाठी राहिला, असं वडील बाहेर सांगत. खरं तर तो आईचा होता. त्याच्या जातीचं मूळ हॉलंडच्या थंडीतलं, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. एप्रिल-मे महिन्यांत तो जीभ काढून धापा टाकायचा. आई त्याच्या अंगावर पाणी मारायची, चिंचेखाली बांधायची. उसाचे वाढे त्याला आवडत, मुरघास त्याहून जास्त. आईचा आवाज ओट्यावर आला की तो दावं ताणून उभा राहायचा.

2022 मध्ये जनावरांत लम्पी त्वचारोगाची साथ आली आणि जनावरांचे बाजार बंद झाले. गावातल्या जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली, कारण लम्पीचा विषाणू त्या देवीच्या विषाणूचा भाऊबंद. बांड्याला लस मिळाली, पण अंगावर गाठी त्याआधीच उठल्या होत्या. पाय सुजले, चारा सुटला. आई रात्री गोठ्यातच अंथरूण टाकायची, कडुनिंबाच्या पाल्यानं माश्या वारायची. तो गेला तेव्हा बांधालगत खोल खड्डा घेऊन मीठ-चुना टाकून पुरला.

आता फक्त कालवडीच व्हाव्यात म्हणून निवडलेल्या रेतमात्रा मिळतात. तरी दहातला एखादा गोऱ्हा होतोच. कुणाची गाय व्याली असं कानावर आलं की आई निरोप धाडते: गोऱ्हा आसला तरी चीक पाजा, आणि नको आसंल तर पाटावर टाकू नका, आमच्याकडं आणा.